झाडाखालचे ओक

आडनावावरून रागवायची जेवढी ताकद देवाने अख्ख्या इंग्लंडला मिळून दिली होती, तेवढी सगळी एका माणसाने एकट्याने वापरून टाकली, आणि तो माणूस नेमका आमच्याच आडनावाचा निघाला. आमचं आडनाव ओक. आम्ही मूळ गुहागरकडचे, मागाहून पुण्याचे आणि आमच्या ह्यांच्या हॉस्पिटलातल्या नोकरीमुळे ऐंशी सालापासून नॉटिंगहॅमचे. त्यांचंही आडनाव ओक. ते मूळ सॉमरसेटचे, विमा कंपनीतून निवृत्त होऊन लेस्टरबाहेरच्या एका खेड्यात एकटे राहणारे. उंच, वाळके, सदा तपकिरी कोटात आणि सदा संतापलेले. इंग्लंडात ओक्स नावाचे लोक पैशाला पासरी, पण नुसते ओक फार थोडे. त्यामुळे दुकानदार, कारकून, नर्सबाई, जो तो त्यांच्या नावाला शेपटासारखा एक 'स' चिकटवायचा आणि हे गृहस्थ तो दिवसभर उपटत बसायचे. एकदा दात दुखत होता म्हणून डेंटिस्टकडे गेले, तर तिथल्या मुलीने 'मिस्टर ओक्स' अशी हाक मारली. हे जागचे हलले नाहीत. तिने तीनदा हाक मारली, पुढचे सगळे पेशंट होऊन गेले, दवाखाना बंद करायची वेळ झाली, तरी हे सुजलेला गाल धरून खुर्चीतच. "ओक्सना बोलावत होती," मला नंतर त्यांनी सांगितलं, "आले नसतील ते."

ओक्सपेक्षाही त्यांचा जास्त राग होता तो नोक्स लोकांवर. जुन्या इंग्रजीत 'ओकच्या झाडापाशी' राहणाऱ्याला म्हणे 'अटन ओक' म्हणत. पुढे लोकांच्या जिभेवर त्यातला मधला 'न' घरंगळला, पुढच्या शब्दाला जाऊन चिकटला आणि नोक झाले, नोक्स झाले. हा सगळा प्रकार घडून पाच-सहा शतकं उलटली असतील, पण ते त्याबद्दल असं बोलायचे की जणू परवाच कुणी नोक्स रात्री येऊन अंगणातून तो 'न' उचलून घेऊन गेला. त्यांच्या घरी पाइप फुटला तेव्हा दुर्दैवाने नोक्स नावाचाच प्लंबर आला. त्याला दारात उभा करून त्यांनी हा सगळा इतिहास ऐकवला. तो होईपर्यंत स्वयंपाकघरात घोटाभर पाणी झालं होतं. त्यातून त्यांची एकुलती एक बहीण लग्न करून नोक्सांच्याच घरी पडली होती. तिचं नाव निघालं की ते खिडकीबाहेर बघायचे.

पण ह्या रागाच्या मुळाशी एक भीती होती आणि ती काही खोटी नव्हती. त्यांच्या सॉमरसेटमधल्या मूळ गावात एके काळी चर्चमागचं अर्धं अंगण ओकांच्या थडग्यांनी भरलेलं होतं, आणि आता तिथे जिवंत ओक औषधालाही नव्हता. काही युद्धात गेले, काही ऑस्ट्रेलियाला गेले (त्यांना हे गृहस्थ फितूर म्हणत), बाकीच्यांना मुलीच झाल्या. त्यांनी स्वतः लग्न केलं नाही. का नाही, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी ओकांची शिरगणती हाती घेतली. रोज लायब्ररीत जाऊन देशभरच्या टेलिफोन डिरेक्टऱ्या चाळायच्या, ओक सापडला की फोन करायचा. असं करता करता त्यांना एक नवल दिसलं. सॉमरसेटमध्ये ओक आटत चालले होते, पण इकडे नॉटिंगहॅम, लेस्टर, डार्बीकडे मात्र नवे ओक उगवत होते आणि त्यातले निम्मेअधिक डॉक्टर होते. वैद्यकी ओकांच्या रक्तातच आहे, असा सिद्धान्त त्यांनी मांडला आणि मग आम्हाला फोन लावला.

फोन मी घेतला. "मिसेस ओक का? आपण कुठल्या शाखेचे?" असा भारदस्त आवाजात प्रश्न आला. मला वाटलं बँकेचा माणूस. "मार्केट स्क्वेअर," मी सांगितलं. पलीकडून फार आदराने "थँक यू". पुढे महिनाभर हे गृहस्थ सॉमरसेटच्या नकाशात मार्केट स्क्वेअर नावाची वाडी शोधत होते. सापडेना, तेव्हा एका रविवारी स्वतःच आमच्या दारात येऊन उभे राहिले. मी साडीत, हाताला कणीक लागलेली. "मिसेस ओक घरात आहेत का?" त्यांनी विचारलं. "मीच," मी म्हटलं. त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पॅसेजमध्ये पाहिलं.

ह्या नजरेशी माझी जुनी ओळख होती आणि तिचा मला मनस्वी संताप यायचा. आमच्या महाराष्ट्र मंडळात एक साने आहेत, मानसोपचाराचे डॉक्टर. त्यांची पाटी इंग्रजीत 'सेन', म्हणजे 'शहाणा', अशी वाचली जाते. एक गोरे आडनावाचे सर्जन आहेत, त्यांची पाटी 'गोअर' अशी वाचून पेशंटला थेट सांडलेलं रक्तच दिसतं. लोक हसतात आणि विसरतात. आमच्या नावाचं तसं नाही. आमचं नाव कागदावर दारं उघडतं आणि माणूस पुढे झाला की ती दारं अर्ध्यात अडकतात. इंटरव्ह्यूला 'डॉक्टर ओक' अशी हाक आली, हे उठून उभे राहिले, तरी हाक मारणाऱ्या बाई ह्यांच्या मागे कोण आहे ते बघत होत्या. तेव्हा दारातल्या ह्या म्हाताऱ्याला मी आत घेतलं ते पाहुणचारापेक्षा भांडण्यासाठीच. त्यानेही निराश केलं नाही. चहाचा पहिला घोट घेऊन तो म्हणाला, "मॅडम, तुमचं आडनाव ही स्पेलिंगची चूक आहे."

"चूक असेल तर ती तुमची," मी म्हटलं. "आमच्याकडे ओक दोन अक्षरांत लिहितात. त्यात तो 'ए' कुठून आणून घालायचा, ते तुमच्याच कुठल्या तरी साहेबाने ठरवलं. आम्ही काही अर्ज केला नव्हता." हे त्यांना अगदी नवीन होतं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "तो साहेब ओक्स असणार," ते शेवटी म्हणाले आणि त्यांनी दुसरा कप मागितला.

तेव्हापासून ते येऊ लागले. शिरगणतीत मात्र आम्हाला जागा नव्हती. तसं ते दर भेटीत बजावायचे. वर्षातून एकदा ते कुठल्याशा पबच्या मागल्या खोलीत ओकांचं संमेलन भरवत. त्याला चार म्हातारे आणि एक कुत्रा येत असे. आम्हाला बोलावणं असायचं ते 'निरीक्षक' म्हणून. मी पहिल्या वर्षी बटाटेवडे नेले. दुसऱ्या वर्षीच्या निमंत्रणात 'निरीक्षकांनी बटाट्याचे ते गोळे आणावेत' अशी सूचना होती. मी रागाने आणले नाहीत, तर ते माझ्याशी दोन महिने बोलले नाहीत.

त्यांना सगळ्यात मोठं कुतूहल होतं ते आमच्या ओकचा अर्थ काय ह्याचं. आता मराठी माणसाला सांगायला नको, त्या शब्दाने पहिल्यांदा काय आठवतं ते. शाळेत मुलांनी ह्यांना त्यावरून नको नको केलेलं. इंग्रज माणसासमोर, तेही चहाच्या वेळी, ते कसं सांगायचं? अर्थ काळाच्या ओघात हरवला, अशी मी थाप मारून ठेवली होती. पण त्या उन्हाळ्यात माझे सासरे, आमचे अप्पा, पुण्याहून आले. अप्पांनी जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलेलं. अर्थ हरवला म्हणतात हे कळल्यावर त्यांना तो स्वतःचा अपमान वाटला. "ओकस् म्हणजे घर," त्यांनी शाळेतल्या आवाजात सांगितलं. "देवांना दिवौकस म्हणतात. स्वर्गात ज्यांचं घर ते." आमचं आडनाव खरोखर तिथून आलं का, हे अप्पाच जाणोत, पण त्यांचा आवाज असा होता की शंका घेणं शक्य नव्हतं. मग त्यांनी पाहुण्यांना त्यांच्या नावाचा अर्थ विचारला. ओकच्या झाडापाशी राहणारा, असं उत्तर आलं. अप्पा समाधानाने मागे टेकले. "म्हणजे तुम्ही झाडाखालचे," ते म्हणाले, "आणि आम्ही घरातले."

ह्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. "झाड आधी होतं," पाहुणे तांबडेलाल होऊन म्हणाले. "घर त्याच्याच लाकडाचं बांधतात."

"आमच्याकडे सागाचं बांधतात," अप्पा म्हणाले.

तो सगळा उन्हाळा दोघं भांडले. एकाआड एक दिवस एकजण दुसऱ्याच्या घरी बसने जायचा, भांडायचा आणि जेवून परत यायचा. 'झाडाखालचे ओक' हे नाव आमच्या घरात तेव्हापासून पडलं. अप्पा परत गेल्यावर पुढल्याच आठवड्यात झाडाखालचे आले, रिकाम्या खुर्चीकडे पाहून म्हणाले, "घरातले गेले का?" आणि त्या दिवशी कुणावरही न रागावता लवकर उठले.

एक प्रसंग सांगायलाच हवा. आम्ही समुद्रकाठच्या एका गावी फोनवरून खोली ठरवली होती. पोचलो तर घरमालकीण म्हणाली, खोली मिस्टर ओक ह्यांच्यासाठी ठेवलेली आहे. मीच तो ओक, असं हे सांगत राहिले आणि ती मान हलवत राहिली. सामान उचलून, आमच्या रडवेल्या लेकीला, केतकीला घेऊन आम्ही परतलो. अशा गोष्टी हसण्यावारी न्यायची आम्हाला सवय लागली होती आणि त्या सवयीचीच मला आता चीड येते. तेच मी झाडाखालच्यांना हसत सांगितलं. ते हसले नाहीत. "तिने एका ओकला दारातून परत पाठवलं?" त्यांनी विचारलं. माझ्याकडून नंबर घेतला आणि आमच्याच फोनवरून त्या बाईला फोन लावला. "मॅडम, माझं नाव ओक. पुढच्या उन्हाळ्यातले माझे दोन आठवडे रद्द करा. त्यापुढच्या उन्हाळ्यातलेही करा. का, ते तुम्हाला माहीत आहे." त्यांनी तिथे कधीच खोली ठरवलेली नव्हती. हे आभार मानायला पुढे झाले, तर झाडाखालचे म्हणाले, "आभार कसले? प्रश्न स्पेलिंगचा होता."

वर्षं गेली. संमेलनातले म्हातारे एकेक करून गेले, शेवटी कुत्राही गेला. झाडाखालच्यांचा हात थरथरायला लागला, बसचा प्रवास सुटला. मग ह्यांनी त्यांना रविवारी गाडीतून आणायचं, असं ठरून गेलं. तोवर आमची केतकी डॉक्टर झाली आणि तिचं लग्न ठरलं. मुलगा लेस्टरच्या पटेलांचा, गुणी, हसरा. मी आनंदाने फोनवर ही बातमी झाडाखालच्यांना दिली, तर त्यांनी अभिनंदनसुद्धा केलं नाही. त्याच दुपारी टॅक्सी करून आले, काठी आपटत आत शिरले आणि कोट न काढता केतकीसमोर उभे राहिले. "लेस्टरच्या डिरेक्टरीत पटेल पानंच्या पानं भरून आहेत," ते म्हणाले. "एक वाढली तर त्यांना पत्ताही लागणार नाही. आमच्यातली एक कमी झाली तर आम्ही काय करायचं?"

"आमच्यातली?" हे म्हणाले. "तुम्ही तर आम्हाला मोजतच नाही."

झाडाखालचे ओक खाली बसले. त्यांनी काठी दोन्ही हातांत धरली. "मोजतो," ते म्हणाले. "मोठ्याने मोजत नाही."

केतकी पुढे झाली. "आई, यांना सांग ना, मी नेम चेंज नाही करणार. माझा नाव ओकच राहणार आहे," ती आपल्या मोडक्या मराठीत मला म्हणाली आणि मग तेच त्यांना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी कोट काढला. चहा घेतला. "आणि मुलांचं?" त्यांनी विचारलं. "ते नंतर बघू," केतकी हसून म्हणाली. "नंतर बघू, नंतर बघू करूनच आम्ही एवढेसे उरलो," ते चिडून म्हणाले. पण वडे मात्र त्यांनी त्या दिवशी मागून मागून खाल्ले.

लग्नानंतरच्या दुसऱ्या जानेवारीत ते गेले. नोक्सांच्या घरातल्या भाच्याने फोन करून कळवलं. बिचारा सज्जन माणूस, मामा त्याच्याशी का बोलत नसे, हे त्याला शेवटपर्यंत समजलं नव्हतं. चर्चमध्ये आम्ही मागे बसलो होतो, त्याने येऊन आम्हाला पुढे नेलं. घरी आल्यावर अप्पांना पुण्याला फोन केला. अप्पा म्हणाले, "स्नानं करा रे सगळ्यांनी."

दोन दिवसांनी मंडळातल्या एका बाईंचा संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी फोन आला. मी येणार नाही म्हटलं, आम्हाला सुतक आहे. "अगं बाई, कोण गेलं? पुण्याचं कुणी?" नाही, इथलेच, लेस्टरजवळचे, मी सांगितलं. त्यांना ते संमेलन ठाऊक होतं. "ते म्हातारे? अगं पण ते तर इंग्लिश," त्या म्हणाल्या. "त्यांचं कसलं आलंय सुतक? सुतक भाऊबंदांचं असतं."

मला भयंकर राग आला.

"भाऊबंद नसते," मी म्हटलं, "तर इतकी वर्षं भांडलो असतो का?"