भूगोल कक्षातला तिसरा तास

कामावर परतलेल्या आईला, मधली सुट्टी सोडून, बाळाला पाजण्यासाठी वेगळा वेळ मिळतो का, आणि मिळत असेल तर तो कोणाच्या वेळातून? या प्रश्नाचे उत्तर सांगण्यासाठी मी हे लिहायला बसले आहे. उत्तर मला मिळाले, पण ज्या मार्गाने मिळाले तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

मी डोंबिवली पूर्वेला एका खाजगी शाळेत गणित शिकवते. शाळेचे वेळापत्रकही मीच करते. सकाळी सात दहाला पहिला तास आणि पस्तीस मिनिटांचा एक, असे आठ तास. त्यांतले सहा शिकवण्याचे, दोन ऑफ. ज्यांनी शाळेत नोकरी केली नाही त्यांच्यासाठी सांगते: ऑफ तास म्हणजे विश्रांती नव्हे. कोणी शिक्षक गैरहजर असला की त्याच्या वर्गावर ऑफ असलेल्याला पाठवतात. त्याला बदली तास म्हणतात. सकाळी चिठ्ठी येते, सही करायची आणि वर्गावर जायचे.

माझी सव्वीस आठवड्यांची प्रसूती रजा संपली तेव्हा मुलगी पाच महिन्यांची होती, कारण त्यातले तीन आठवडे मी प्रसूतीपूर्वीच घेतले होते. डॉक्टरांनी सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त अंगावरचे दूध सांगितलेले. बाटली मुलीने नाकारली. वाटी-चमचाही नाकारला, आणि तोही असा की चमचा सासूबाईंच्या चष्म्यावर आला. तेव्हा हिशेब सरळ होता: शाळेच्या पाच तासांत दोनदा पाजणे जमले तर नोकरी, नाही तर राजीनामा.

रुजू होण्याच्या आदल्या दिवशी मी मोठ्या बाईंकडे, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांकडे, गेले. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला रोज दोन वेळा पाजण्यासाठी वेळ द्यावा, आणि तोही नेहमीच्या सुट्टीखेरीज, असे कायद्यात आहे. तो उतारा मी छापून, पट्टी लावून अधोरेखित करून नेला होता. बाईंनी तो वाचला, चष्मा काढला.

"माझ्या वेळेला हे माहीत असतं तर माझा थोरला इतका चिडका झाला नसता," त्या म्हणाल्या. "पण कागदाने शाळा चालत नाही गं. वेळापत्रकाने चालते. वेळापत्रकात आहे ते मलाही हलवता येत नाही. ते तूच करतेस ना? मग घाल त्यात."

मी घातले. माझे दोन्ही ऑफ तास तिसऱ्या आणि सहाव्या तासाला आणले, म्हणजे कोणाचेही शिकवणे बुडणार नव्हते. अडचण एकच होती. संगणकावरच्या तक्त्यात कोणताही तास राखून ठेवायचा तर इयत्ता, विषय आणि खोली या तीनही रकान्यांत काहीतरी भरावेच लागते. मी भरले. इयत्ता: शिशु. विषय: स्तनपान. खोली: भूगोल कक्ष.

तक्ता फलकावर लागला त्या दिवशी सातवीतल्या दोन मुलींनी गंभीरपणे विचारले, "बाई, हा विषय आम्हाला कितवीत आहे?" मी म्हटले, ऐच्छिक आहे, आणि पुष्कळ उशिरा आहे.

पहिले तीन आठवडे सुखाचे गेले. सासूबाई मानपाडा रस्त्यावरून रिक्षाने मुलीला घेऊन यायच्या. भूगोल कक्षाला आतून कडी नव्हती, म्हणून त्या बाहेर स्टुलावर बसून पहारा द्यायच्या. रिकामे हात त्यांना चालत नाहीत, तेव्हा येताना मेथीची जुडी आणायच्या. आठवड्याभरात सगळ्या शिक्षिका आपापल्या जुड्या त्यांच्यापाशी ठेवून वर्गावर जाऊ लागल्या. "आजी, माझी जरा कोवळी आहे हां, देठ ठेवा," अशा सूचनाही मिळू लागल्या. आत मी पृथ्वीगोलाशेजारी बसलेली असायचे. मुलगी एका हाताने माझी ओढणी धरायची आणि दुसऱ्या हाताने दक्षिण गोलार्ध. पस्तीस मिनिटांत इतके निष्कारण हसू मला आयुष्यात कधी आले नव्हते.

मग एका सोमवारी पहाटे मुलीला ताप आला. मी रजा टाकली. पण बदली तास लावण्याचे कामही माझ्याकडेच. झोप झाली नव्हती, मांडीवर मूल होते, आणि पद्धत मात्र पक्की होती: आपल्या ओळीतला जो चौकोन भरलेला दिसेल त्याला त्या वेळी मोकळा असलेला शिक्षक द्यायचा. मी भराभर चौकोन भरले, यादी बाईंना पाठवली आणि निर्धास्त झाले. सहा तासांची बदली लावायला हवी होती. मी आठांची लावली.

दुपारी क्रीडाशिक्षकांचा फोन आला. सर मूळचे देवगडचे, पन्नाशीचे, अतिशय शिस्तीचे.

"मॅडम, बाळ कसं आहे?"

"ताप उतरतोय, सर."

"बरं. मी लेझीम शिकवलंय. एकदा संस्कृतचाही तास घेतलाय. पण आजची चिठ्ठी वाचून मी मावशींना म्हटलं, यात काहीतरी चूक आहे."

शिपाई मावशी चिठ्ठ्या वाटत. त्या काय म्हणाल्या, असे मी क्षीण आवाजात विचारले.

"म्हणाल्या, सर, मला वाचता येतं, समजावता येत नाही. सही करा. मग केली."

"आणि मग?"

"मग काय, गेलो. सही केली तर तास घ्यायला नको? पस्तीस मिनिटं बसलो. नकाशे पुसले. रजिस्टरात शेराही लिहिलाय."

तो शेरा मी दुसऱ्या दिवशी वाचला. वळणदार अक्षरात लिहिले होते: 'विद्यार्थी अनुपस्थित. तास शांततेत पार पडला.' सहावा तास चित्रकलेच्या बाईंना गेला होता. त्यांनी शेऱ्याच्या जागी फक्त एक पाळणा काढला होता. शिक्षकखोलीत कोणी कोणाकडे पाहू शकत नव्हते. पाहिले की हसू फुटे.

शुक्रवारी हसू थांबले. संस्थेचे कार्यवाह दर शुक्रवारी कल्याणहून येऊन बदली रजिस्टर तपासत. त्यांनी मला बाईंच्या खोलीत बोलावले.

"हा काय प्रकार आहे?" त्यांनी बोट ठेवले. "ऑफ तास शाळेचा असतो. तो असा अडवून ठेवण्याची आपल्याकडे पद्धत नाही. किती दिवस चालणार हे?"

"मुलगी पंधरा महिन्यांची होईपर्यंत. अजून साधारण नऊ महिने."

"नऊ महिने? हे सोमवारपासून बंद करा."

मी छापील उतारा पुढे केला. त्यांनी तो न वाचता कडेला ठेवला. माझ्या डोळ्यांसमोर राजीनाम्याचा मसुदा तयार होऊ लागला, समासासकट. तेवढ्यात बाईंनी रजिस्टर आपल्याकडे ओढले.

"साहेब, बदली फक्त मंजूर तासालाच लावायची, हा नियम कोणाचा?"

"माझा."

"मग हा तास मंजूर आहे. बघा, बदली लागली. सरांनी सही केली, तास घेतला, शेरा लिहिला. खाली माझी सही. आता हा तास नव्हताच म्हणायचं, तर सर ती पस्तीस मिनिटं होते कुठे?"

कार्यवाहांनी शेरा पुन्हा वाचला. ओठ घट्ट मिटले. खांदे मात्र हलत होते. मग त्यांनी छापील उतारा उचलला आणि तो शेवटपर्यंत वाचला.

"हे आधी का नाही दाखवलंत?" ते म्हणाले. त्यांनी रजिस्टरावर आठवड्याची सही केली आणि दारापाशी थांबून विचारले, "त्या बाहेर मेथी निवडणाऱ्या आजी कोण?"

"माझ्या सासूबाई. कक्षाला कडी नाही, म्हणून बसतात."

पुढच्या आठवड्यात कडी बसली. सासूबाईंची पहाऱ्याची गरज संपली, पण स्टूल त्यांनी सोडले नाही. मेथीचा व्याप तोवर फार वाढला होता. मुलगी पंधरा महिन्यांची झाली तेव्हा ते दोन चौकोन मी स्वतः रिकामे केले. मात्र शिशु, स्तनपान आणि भूगोल कक्ष हे तीनही शब्द संगणकातल्या यादीत राहू दिले. विज्ञानाच्या बाईंना सातवा महिना लागला होता.

तर उत्तर असे: वेळ मिळतो, आणि तो कामाच्याच वेळातून. माझ्या बाबतीत तो कायद्यात आधीपासून होता आणि वेळापत्रकात मला लिहावा लागला. पण माझ्या शब्दावर विसंबू नका, कारण आठ आणि सहा यांतला फरक मला एकदा दिसला नव्हता. रजेचे आठवडे, पाजण्याच्या वेळा, त्यांची मिनिटे, आणि आपल्या कामाच्या ठिकाणाला हे सारे कसे लागू होते, हे सध्याच्या कायद्याच्या मूळ मजकुरात कृपया स्वतः तपासून पाहा.