पायाचा रिमोट

आमच्या लातूरला क्लासच्या गल्लीत पोरं डॉक्टर व्हायला यायची आन् दिलशादच्या दुकानात टीव्हीवर गेम खेळत बसायची. दुकान तिचं, शेजारी चहाचा गाडा माझा, सिंधुचा. तिला कुणी 'बिचारी' म्हणलं की माझं टाळकंच सरकायचं.

भूकंपात निलंग्याकडं सासरच्या घराची भिंत पडली, तिचा उजवा हात कोपरापासून गेला. लोक म्हणले, आता भावाच्या घरी गप भाकरी खावी. हिनं दागिने मोडून गेमची मशीन आणली! "भाकरी खाईन, पण माझ्या कमाईची," म्हणाली.

दर रविवारी दुकानात मॅच व्हायची. जिंकेल त्याचं नाव आठवडाभर शटरवर खडूनं. आपल्या शटरवर एकदा तरी आपलं नाव लागावं, एवढाच दिलशादला ध्यास. पण रिमोटला दोन्ही अंगठे लागतात. डाव्यानं पळायचं, उजव्यानं उडी आन् गोळी.

चौकातल्या दुकानात नव्या पिनवाल्या मशिनी आल्या होत्या. एक रिमोट काढा, दुसरा लावा, वाटलं तर बंदूक लावा. हिची मशीन जुनी, रिमोटची वायर आतूनच जोडलेली. मेकॅनिक मुनीब म्हणाला, "आपा, ह्याला पिनच न्हाई. खोलताना बोर्ड जळला तर अख्खी मशीन गेली. कंपनीनं दिलं तसं ऱ्हाऊ द्या."

"अल्लानं दिलेलं तरी कुठं तसंच राहिलं? खोल."

मला राहवलं न्हाई. "अगं बाई, हातचं सोडून पळत्याच्या मागं कशाला लागून राहिलीस?"

ती खदखदा हसली. "हातचं कवाच गेलं, सिंधु. आता पळतं तरी धरू दे."

मुनीबनं रिमोट खोलला. उजव्या बटणांच्या वायरी बाहेर काढल्या आन् दाराच्या बेलची दोन बटणं फळीवर ठोकून त्यांना जोडल्या. फळी तिच्या पायाखाली. मशीन चालू करताना माझा जीव नुसता टांगणीला. चालली की!

महिनाभर सराव करून ती रविवारी पोरांमध्ये उतरली. शेवटची मॅच आदिनाथशी, क्लासात पहिला येणारा पोरगा. हिनं त्याला हरवलं. मी गाड्यावरून वरडलेच, "वा गं माझी वाघीण!"

आदिनाथचं तोंड उतरलं. "आपा, हे चालत न्हाई. रिमोट मशीनसंगं येतो. फळी तुम्ही वरून जोडली." पोरांनी माना डोलावल्या. मला असा संताप आला, उकळता चहा वतावा वाटला.

दिलशाद जाग्यावरून हलली न्हाई. "मशीनसंगं आलेलंच चालतं व्हय? मंग खोक्यातून तुझी बोटं निघाली व्हती का रे? ती बी तू घरूनच आणली की."

ती उठली आन् डाव्या हातानं नाव लिहिलं. वाकडंतिकडं, पण शटरभर.