मार्थामावशीला गाण्याशिवाय नेलं

आज आम्ही मार्थामावशीला चोरून नेल्यासारखं नेलं.

बंद व्हॅनमधून. काचा वर करून.

आमच्याकडे माणूस गेलं की घरापासून दफनभूमीपर्यंत गात नेतात. पुढे ढोलकी, मागे टाळ. कोल्हारच्या रस्त्यावर अशा कितीतरी मयतींत मावशीच ओळ घ्यायची आणि आम्ही सगळे मागून झेलायचो.

चर्चमध्येही तेच. खिडकीशेजारची जागा तिची.

उन्हाळ्यात एका रविवारी चर्चच्या गेटबाहेर दोन मोटारसायकली येऊन थांबल्या.

"आवाज बाहेर यायला नको. सांगून ठेवतो."

त्यावरची माणसं एवढंच बोलली आणि गेली.

पुढच्या रविवारी आमच्या पाळकांनी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. ऐन उकाड्यात.

मावशी उठली आणि आपली खिडकी उघडून बसली.

पाळक म्हणाले, "मावशी, जरा हळू गा."

"हळू कशापायी? मी काय चोरी करते व्हय?"

काल रात्री ती झोपेतच गेली. सकाळी चर्चच्या कमिटीने ठरवून टाकलं, रस्त्यात गाणं नको.

मी भांडले.

"बाई, प्रॅक्टिकल व्हा. आम्हाला इथे राहायचंय."

म्हटलं, "मला तर इथेच पुरणार आहात. मलाही असंच गुपचूप न्याल?"

त्यांनी व्हॅन मागवली.

लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ओरडायच्या, तोंड उघडून गा. आता सत्तरीत मला तोंड मिटायला शिकवताहेत. तेही आमचेच लोक!

कबरीपाशी शेवटी मीच ओळ घेतली. मावशीच्या आवडीची.

दफनभूमीच्या गेटाशी एक मोटारसायकल उभी होती. इंजिन चालू.

ओळ कुणी झेलली नाही.

दुसरीही मी एकटीनेच म्हटली. मग नुसता माती पडल्याचा आवाज.

परत आलो तर मावशीच्या शेजारच्या सखूताई हातात फुलं घेऊन दारात उभ्या.

"गाणं ऐकू आलं की रस्त्यावर यायचं म्हणून थांबले हुते. मावशीला नेलं बी? आमाला कळलंच न्हाई."

मी त्यांच्या हातातली फुलं घेतली.

रविवारी मावशीच्या जागेवर मी बसणार आहे. खिडकी उघडी असेल. मोटारसायकली येतील, बहुतेक येतीलच.

इथे कमेंटमध्ये हात जोडू नका. तिथे या. मी ओळ घेईन, तुम्ही झेला.

मावशी, आज तुझं गाणं राहून गेलं.

नीज आता.