दुमजली बसचं छप्पर

विजय गेल्याची बातमी सोसायटीच्या ग्रुपवर आली, खाली जोडलेल्या हातांची रांग लागली आणि पाचव्या मिनिटाला टाकी धुणार असल्याची सूचना. शिसारी आली मला. बोरीवलीत एकाच इमारतीत आम्ही तीस वर्षं काढली, त्याआधी कॉलेजही एकत्र.

अंधेरीच्या एका कारखान्यात तो ड्राफ्ट्समन होता. निवृत्तीनंतर जेवणाचं टेबल अडवून गाड्यांची छोटी मॉडेल्स करायचा. गोंदाच्या बाबतीत सोवळं पाळावं तसा कडक. लाकडाला वेगळा, प्लास्टिकला वेगळा, आणि पारदर्शक खिडक्यांजवळ फक्त पांढरा, सुकायला अख्खा दिवस घेणारा. मी एकदा म्हटलं, "अरे, तो झटपटवाला लाव ना, दहा सेकंदांत काम!" तर म्हणाला, "त्याची वाफ धरते रे खिडक्यांना, पांढऱ्या पडतात. मग आत काय दिसणार, घंटा?"

शेवटची होती लाल दुमजली बस. "वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर आपण दोघं आहोत, कॉलेजातले," तो म्हणाला. "पण आत्ता डोकावायचं नाही. छप्पर बसलं की खिडकीतून बघ." तेवढं छप्पर चिकटवायचं राहिलं आणि तो गेला...

शोकसभा सोसायटीच्या ऑफिसात झाली. गोंदाचा वास येतो म्हणून ज्यांनी त्याच्याविरुद्ध लेखी तक्रार केली होती, तेच 'कलावंत माणूस' म्हणून गळा काढत होते. त्याआधी बस फोटोशेजारी ठेवताना सेक्रेटरी म्हणाले, "काका, छप्पर हलतंय. ग्लू आणा ना काहीतरी, लोक यायला लागले!" मी वर गेलो, विजयच्या बायकोला, सुनंदावहिनींना विचारून ड्रॉवर उघडला आणि हाताला लागली ती ट्यूब घेऊन आलो. सेक्रेटरींनी गोंद लावला. छप्पर मी दाबून धरलं. दहा सेकंद.

वहिनींनी बस मलाच दिली. सकाळी पाहतो तर सगळ्या खिडक्या पांढऱ्याफटक. सेक्रेटरीला शिव्या घालत ती ट्यूब खिशातून काढली. तिच्यावर विजयच्या अक्षरात चिठ्ठी डकवलेली होती: 'खिडकीजवळ नको.' किळस आली स्वतःचीच. मला तर चिठ्ठीचीही गरज नव्हती, त्याने तोंडाने सांगितलं होतं.

बस आता माझ्या टेबलावर आहे. धुरी आतून धरलीय, बाहेरून पुसून जात नाही, आणि छप्पर उचकटलं तर सगळंच मोडेल. उन्हाकडे धरली की पुढच्या सीटवर दोन ठिपके दिसतात... त्यातला विजय कुठला, ते मला सांगता येत नाही.