पृथ्वीराजचा सर्व्हर

निमोण्याचा पृथ्वीराज म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस. रांजणगावला आमच्याच शिफ्टला पॅकिंगमध्ये होता, पण कंपनीच्या बसमध्ये असा बोलायचा, जणू हा खाली उतरला की देशातलं इंटरनेट बंद पडेल.

आमचा व्हॉट्सॲप ग्रुप फुटला, त्यातलं बोलणं ठेकेदाराच्या कानावर गेलं, तेव्हा याला चेव चढला. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर त्याने आमचा स्वतःचा चॅट सर्व्हर उभा केला. कॉम्प्युटरच्या आतच एका कंटेनरमध्ये चॅट, दुसऱ्यात डेटाबेस, म्हणजे आमचे सगळे मेसेज आणि फोटो. "कंटेनर म्हंजी डबा समजा," तो आम्हा अडाण्यांना शिकवायचा. "बिघडला की टाकायचा, नवा लावायचा. हाय काय आन् न्हाई काय!"

त्याच सुमारास आमच्या शिफ्टच्या मायाच्या उजव्या हाताची दोन बोटं प्रेस मशीनमध्ये गेली. काम भराभर उरकावं म्हणून सुपरवायझरने मशीनची सुरक्षेची जाळी काढून ठेवली होती. बिनजाळीच्या मशीनचा फोटो मी काढला आणि सर्व्हरवर टाकला. गेटवर फोन तपासायला लागले, तसं पृथ्वीराजने फर्मान सोडलं, "फोनमधनं उडवा. सर्व्हरवर हाय, तिथनं कुणाचा बाप काढू शकत न्हाई." आम्ही उडवला. दुसऱ्या दिवशी जाळी परत बसली आणि कंपनी म्हणू लागली, जाळी पहिल्यापासून होती, बाईनेच नको तिथं हात घातला. भरपाई मागायला मायाकडे त्या फोटोशिवाय काही उरलं नव्हतं.

मग आली खंडेनवमी. पृथ्वीराजच्या अंगणात धुतलेल्या ट्रॅक्टरशेजारी सर्व्हर मांडला. हळदकुंकू, झेंडूची माळ, सगळं झालं. इथवर ठीक होतं. पण नुसतं वरून पुसून या दीडशहाण्याचं समाधान होईना. सणाला यंत्र आतूनही चकचकीत हवं म्हणून त्याने जुने कंटेनर काढून टाकले आणि नवे कोरे चढवले. डेटाबेसचा साठा कंटेनरच्या बाहेर, डिस्कवर वेगळा ठेवावा लागतो, ते त्याने कधी केलंच नव्हतं. डब्याबरोबर डब्यातलं सगळं गेलं. आणि सुट्टीत कुणी ते उघडून पाहिलं नाही.

दसरा झाल्यावर कामगार कार्यालयात भरपाईची सुनावणी होती. अधिकाऱ्यांनी फोटो मागितला. पृथ्वीराज इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, त्याने ऐटीत फोन काढला. सर्व्हरने खुद्द मालकालाच ओळखलं नाही. त्याने सगळ्यांसमोर नव्याने नाव नोंदवलं, मग स्क्रीन वर सरकवला, खाली सरकवला.

"सर्व्हर तर चालू हाय," तो म्हणाला. "एक एरर न्हाई."

कंपनीचा वकील हसला. मला त्या पृथ्वीराजच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

मायाने डाव्या हाताने त्याच्याकडून फोन घेतला. त्यावर एकच ओळ होती: 'अजून एकही मेसेज नाही. पहिला मेसेज लिहा.' तिने ती सावकाश वाचली आणि फोन त्याच्यासमोर ठेवला.

"तुम्हीच लिवा, दादा," ती म्हणाली. "माझी लिवायची बोटं गेली."