बेडरूममधला लसणाचा वास

नसरीन आपाचं नाव आधी सांगतो, कारण यात डोकं तिचं चाललं, माझे फक्त पाय. ती आमच्या सर्व्हिस सेंटरवर फोन घेते. मी एसी दुरुस्त करतो. गाव यवतमाळकडचं, शाळा नववीत सुटली. भोपाळला आलो तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं.

एप्रिलात टी. टी. नगरच्या एका सरकारी क्वार्टरमधून रिपीट कम्प्लेंट आली. रिपीट म्हणजे कालच सर्व्हिस केलेल्या एसीची आज पुन्हा तक्रार. अशा दोन-तीन झाल्या की साहेब नवीन माणूस शोधतात. मी घाबरतच गेलो.

वानखडे काका दारातच उभे होते. मूळचे नागपूरचे, ऑफिसच्या बदलीनं इकडे आलेले.

"या! तुमच्या यवतमाळात यालाच सर्व्हिस म्हणतात का? एसीतून लसणाचा वास येतोय. गॅस लीक करून ठेवलास तू."

बेडरूममध्ये वास होता खरा. लसूण आणि सडकी मासळी, असा काहीसा. पलंगावर त्यांची नात परी निजली होती. सकाळपासून उलट्या करत होती म्हणे.

"ऊन लागलं असेल," काकू म्हणाल्या. "म्हणून तर एसी बंदच केला नाही. दारं-खिडक्या लावून ठेवल्यात. माझंही डोकं धरलंय."

मी गेज लावलं. एसीतल्या गॅसचं प्रेशर दाखवणारं ते मीटर. प्रेशर बरोबर होतं. गॅस कुठं गेला नव्हता, आणि त्या गॅसला असा वास नसतोही. फिल्टर हुंगला, ड्रेन पाइप हुंगला. मेलेली पालही सापडली नाही. शेवटी आपाला फोन लावला. खरं तर ही कम्प्लेंट दुसऱ्या कुणाला दे, एवढंच सांगायला.

तिनं मला पुरतं बोलूच दिलं नाही. "लहसुन जैसी बदबू? घर में नया गेहूँ भराया है क्या?"

मी काकांना विचारलं. ते चिडले. "एसी बघायला आलास की गहू? भरलेत वर्षाचे, करोंदच्या मंडीतून. त्या काय कोठ्या!"

कोपऱ्यात पत्र्याच्या दोन कोठ्या होत्या, चादरीनं झाकलेल्या. काल त्यातल्याच एकीवर चढून मी फिल्टर काढला होता.

मी फोन स्पीकरवर टाकला. "कीड़े की गोली डाली है?" आपानं विचारलं.

"काल रात्रीच फडक्यात बांधून टाकल्यात," काकू म्हणाल्या. "सगळेच टाकतात."

आपाचा आवाज बदलला. "बच्ची को उठा और बाहर निकल. सबको निकाल. कोठी को हाथ मत लगाना. अस्पताल में बोलना, गोली की गैस है."

मी परीला उचललं. काका ओरडले, "अरे, उन्हात कुठं नेतोस तिला?" मी चालत राहिलो. तिच्यामागे दोघंही आपोआप बाहेर आले.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं, दमट हवा लागली की त्या गोळ्यांतून विषारी गॅस निघतो. फुप्फुसावर जातो, हृदयावर जातो. उतारा नाही. माणसाला लवकर बाहेर काढायचं आणि लक्ष ठेवायचं. परीला ऑक्सिजन लावून ठेवून घेतलं.

काका बाकावर बसले होते. "ती खोली सगळ्यात थंड," ते म्हणाले. "गहू टिकतील म्हणून तिथं ठेवले." मी पाणी आणून दिलं.

परी वाचली. कोठ्या फायर ब्रिगेडवाल्यांनी मास्क लावून बाहेर नेल्या.

लोकांना वाटतं, एसी म्हणजे ताजी हवा. घरातला साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही. खोलीतलीच ओढतो, थंड करतो, परत खोलीत सोडतो. विष असेल तर तेही थंड करून देतो. म्हणून आता कुठंही गेलो की खोलीत काय काय ठेवलंय ते आधी विचारतो. काहींना तो आगाऊपणा वाटतो. रेटिंग कमी मिळतं.

तुला कसं कळलं, असं आपाला नंतर विचारलं. तिचा भाऊ मंडीच्या गोदामात हमाल आहे, तिथं धान्यात याच गोळ्या टाकतात, त्याच्या कपड्यांना कधीकधी तोच वास येतो. एवढं बोलून तिनं पुढचा फोन घेतला.

दिवसभर लोकांच्या एसीच्या तक्रारी ऐकणारी आपा घरी पत्र्याच्या छपराखाली कूलर लावून झोपते. एक दिवस तिथं मी एसी बसवणार आहे. सेकंडहँड असेल, पण कॉम्प्रेसर चांगला बघून.