मार खाईल असा कॉम्प्युटर

सर्व सुजाण वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, घणसोली गावात, देवळामागच्या गल्लीत, एका रविवारी सकाळी एका कॉम्प्युटरचा भर वस्तीत खून झाला. मयत पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून खाली आला आणि येताना खाली उभ्या असलेल्या स्कूटरलाही सोबत घेऊन गेला. स्कूटर मारेकऱ्याचीच होती. मारेकरी गॅलरीच्या कठड्याला रेलून उभा होता आणि खाली जमलेल्या आम्हा भाडेकरूंना समजावून सांगत होता, "मार खाल्ला नाय त्यानं! येक मार नाय खाल्ला!"

तर हे आमचे घरमालक. नाव मी सांगणार नाही, कारण त्यांचे दोन्ही पुतणे अजून व्यायाम करतात. अख्खी गल्ली त्यांना दादूस म्हणायची, मीही म्हणायचे. ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांनी एक सागवानी दार डोळ्यांसमोर आणावं, त्याला मिशी लावावी आणि ते दार आपल्या अंगावर धावून येतंय असं समजावं. तरुणपणी ते गावच्या कबड्डी संघाचे चढाईपटू होते. दोन्ही कान मोडलेले, डाव्या हाताची करंगळी कायमची बाहेर बघणारी, आणि पुढचे दोन दात कोपरखैरण्याच्या मैदानात जमा.

वस्तू कुठलीही असो, विकत घेण्याआधी त्यांचा एकच प्रश्न असायचा. "मार खाईल का?" प्लास्टिकची खुर्ची त्यांनी दुकानातच जमिनीवर आपटून घेतली होती. फ्रिजला सणसणीत चापट मारून घेतला होता. मुलीला बघायला आलेल्या मुलाच्या पाठीत त्यांनी प्रेमाने असा गुद्दा घातला की तो कपबशीसकट टीपॉयवर गेला. उठला, शर्ट झटकला आणि म्हणाला, "अजून एक कप मिळेल का?" लग्न तिथेच ठरलं.

एकदा भरदुपारी गच्चीवर नळ चोरायला एकजण चढला. दादूसनी त्याची मांडी धरली आणि खाली घेतला. चोराचा खांदाच निखळला. मग त्यांनीच त्याला जिन्यात बसवून खांदा कट्कन जागेवर बसवला, त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, हळद घातलेलं दूध दिलं, आणि "पुन्यांदा इकरं दिसलास तं दुसरा उतरवीन," असं मायेने सांगून दादूस त्याला बसस्टॉपपर्यंत सोडून आले.

दादूस आता नाहीत. हृदय न विचारता थांबलं. त्याला चापट मारून बघायला ते स्वतःच उरले नव्हते. त्यांच्या मागे आमच्या गल्लीतले मिक्सर, पंखे आणि पाण्याचे पंप निर्धास्त झाले आहेत, आणि बहुधा त्यामुळेच फार लवकर बिघडतात.

असो. मयताचा गुन्हा काय होता ते सांगते.

तुर्भ्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर दादूसनी कॅमेरा घेतला होता. गावोगावचे कबड्डीचे सामने शूट करायचे आणि घरी बसून एडिट करायचे. कुणाची बरगडी मोडली, कुणाचा गुडघा फिरला, हे सगळं संथ गतीत, मागे ढोल लावून. शिकवलं मीच. बेलापूरच्या माझ्या ऑफिसात एका साहेबांच्या निरोपाचा व्हिडिओ मी बनवला होता, एवढ्यावर त्यांनी मला या विषयातली सरकारी तज्ज्ञ ठरवलं होतं. पण बाकी सगळे सामने हा नुसता सराव होता. त्यांना खरा एडिट करायचा होता तो एकच सामना, त्यांच्या स्वतःच्या लग्नानंतरच्या वर्षातला.

तो अंतिम सामना होता, दादूसचा संघ विरुद्ध वहिनींच्या माहेरचा संघ. शेवटची चढाई दादूसची. पकडणाऱ्यांत सर्वांत पुढे वहिनींचा सख्खा भाऊ, म्हणजे दादूसचा मेव्हणा. त्याने पायाचा घोटा धरला, बाकीचे कंबरेवर पडले. आता चढाई करणाऱ्याने दम न तोडता मधल्या रेषेला नुसतं बोट लावलं तरी तो सुटतो. दादूस म्हणत बोट लागलं. पंच म्हणाले बाद. दादूसनी पंचांना कानाखाली वाजवली, तिथून दोन्ही गावं एकमेकांवर तुटून पडली. बांबू निघाले, खुर्च्या उडाल्या, चुन्याची बादली एका पुढाऱ्याच्या डोक्यावर उपडी झाली, आणि त्या धुळीत दादूसनी मेव्हण्याला उचलून असा आपटला की त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. त्या दिवसापासून दोन घरांचं बोलणं बंद. वहिनींचं माहेर रिक्षाने दहा मिनिटांवर, पण त्या तिथे पुन्हा गेल्या नव्हत्या. वडिलांना शेवटचं बघायलासुद्धा नवऱ्याने पाठवलं नाही आणि भावाने बोलावलं नाही.

आता त्या भावाच्या मुलाचं लग्न निघालं होतं. निरोप आला: दाजींनी हळदीच्या मांडवात चारचौघांत सांगावं की मी बाद होतो, आणि ताईला घेऊन यावं. वहिनींनी कपाटातली हिरवी साडी काढून उन्हात टाकली, ती आम्ही सगळ्यांनी पाहिली.

"मांडवात जाईन," दादूस म्हणाले, "पन पुरावा घेऊन. सगल्यांसमोर दाखवीन, बोट लागला व्हता."

त्या सामन्याची जुनी कॅसेट मंडळाच्या कपाटात होती. व्हीसीआरवर ती थांबवली की चित्रावर पट्टे यायचे. म्हणून त्यांनी ती वाशीहून पेनड्राइव्हवर उतरवून आणली, घरच्या कॉम्प्युटरला लावली, आणि हात रेषेजवळ पोचतो न पोचतो तोच पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागलं. पुन्हा लावली, पुन्हा चक्र. तिसऱ्यांदा चक्र आलं आणि मयत गॅलरीतून निघाला.

नवा डेस्कटॉप निवडायला दादूसनी मला वाशीच्या एका मोठ्या दुकानात नेलं. दुकानातला विक्रेता गोड बोलणारा होता. "सर, गेमिंगसाठी हवाय की एडिटिंगसाठी?"

"निकालासाठी," दादूस म्हणाले.

त्याने एक काचेचं खोकं पुढे केलं. आत लाल, हिरवे, निळे दिवे नाचत होते. दादूस वाकून बघत राहिले. "यो कॉम्प्युटर हाय का डीजे?"

मी मध्ये पडले. म्हटलं, दिवे नकोत, रॅम बत्तीस जीबी द्या, ग्राफिक्स कार्ड मधलं चालेल, एसएसडी मोठी द्या, आणि प्रोसेसर असा द्या की व्हिडिओ पुढेमागे केला तरी अडकणार नाही. विक्रेता माझ्याकडे आदराने बघू लागला. मला बरं वाटलं. तेवढ्यात दादूसनी विचारलं, "मार खाईल का?"

"म्हणजे?"

"म्हंजे असा."

पुढचं मी डोळे मिटून ऐकलं. मोठा आवाज झाला आणि मग साखर सांडल्यासारखी बारीक काच फरशीवर सांडत राहिली. डोळे उघडले तेव्हा सुरक्षारक्षकाने दादूसना मागून कंबरेत धरलं होतं. त्या बिचाऱ्याला कोण सांगणार की या माणसाला कुठेही धरावं, कंबरेत धरू नये! दादूसनी खोल श्वास घेतला, आणि भर दुकानात त्यांच्या छातीतून तो आवाज सुरू झाला. "कबड्डी कबड्डी कबड्डी..." विक्रेता त्यांच्या पायाला लटकला. बिलिंगवाला दंडाला लटकला. प्रिंटरची थप्पी कोसळली, कीबोर्ड पायाखाली कडकड मोडले, एक स्पीकर गिऱ्हाइकांच्या दिशेने उडाला, आणि रक्षकाची टोपी कुणाच्या तरी तोंडावर. तिघांना फरपटत दादूस दारापर्यंत गेले, उंबरठ्याला बोट लावलं, आणि मग सगळे सुटले. मी टाळ्या वाजवल्या. खरं सांगते, थांबवणं माझ्याच्याने झालं नाही.

मालक धावत आले. रक्षकाच्या नाकातून रक्त येत होतं. दादूसनी खिशातून रुमाल काढून स्वतः त्याच्या नाकाला लावला आणि म्हणाले, "पकर चांगली हाय तुजी. पन खाली धर. घोटा धर." मोडलं ते सगळं त्यांनी भरून दिलं, आणि मी सांगितलेलाच कॉम्प्युटर पत्र्याच्या खोक्यात बसवून घरी आणला.

या मारामारीची आणि मांडवात सामना दाखवण्याच्या बेताची बातमी रिक्षाच्या वेगाने मेव्हण्याच्या गावी पोचली. दुसऱ्याच दिवशी तिकडून नवा निरोप आला: व्हिडिओबिडिओ काही नको, माफीही नको, नुसते या.

दादूसनी मांडीवर थाप मारली. "घाबरला! बघा म्यॅडम, घाबरला! म्हंजे बोट लागला व्हता!"

शनिवारी दुपारी आम्ही तिघं बसलो. दादूस खुर्चीवर, मी माऊस हातात घेऊन, आणि वहिनी दारात बोंबील साफ करत. मी चहाचे कप आणि पितळी फुलदाणी आधीच दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवली होती. चक्र आलं नाही. एकेक चित्र पुढे सरकत गेलं. उजेड वाढवला, चित्र मोठं केलं. चुन्याची पांढरी रेषा दिसली. दादूसचा हात दिसला. बोटांपासून रेषेपर्यंत चार बोटं माती दिसली. पुढच्या चित्रात पंचांचा हात वर.

बाद. स्वच्छ बाद.

मी मॉनिटरला हळूच दोन्ही हातांनी धरलं. पण दादूसनी नुसती खुर्ची पुढे ओढली. म्हणाले, "मागं घ्या. पायाकरं न्या."

मी चित्र पायाकडे नेलं. मेव्हण्याचे दोन्ही हात घोट्याभोवती घट्ट. पुढचं चित्र, तसेच. त्याच्या पुढचं, आणि बोटं उघडलेली. पुन्हा मागे घेतलं, पुन्हा पुढे. हात कुणी झटकले नव्हते. त्याने स्वतःच सोडले होते, आणि सोडताना तो दादूसकडे बघतच नव्हता. मान वळवून मैदानाच्या कडेला बघत होता.

वहिनी बोंबलाचे हात तसेच घेऊन उठल्या आणि पडद्याजवळ आल्या. "तिकरं आमी बायका बसलेलो," त्या म्हणाल्या. "माज्याकरं बघतोय तो."

बहिणीचा नवरा हरू नये म्हणून त्याने घोटा सोडला होता. तरी दादूस पोचले नव्हते. आणि वर त्याचंच हाड त्यांनी मोडलं होतं.

तेव्हा दादूसनी हात उगारला. मी मॉनिटरवर जवळजवळ आडवी पडले. पण थप्पड बसली ती त्यांच्या स्वतःच्या गालावर, आणि अशी बसली की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं. मग दुसऱ्या गालावर. तिसऱ्या वेळी वहिनींनी हात धरला. मनगटाला बोंबलाचं पाणी लागलं, ते दादूसनी पुसलं नाही.

"म्यॅडम," ते म्हणाले, "यो तुकरा कापता येतो का?"

"कुठला? तुम्ही बाद झालात तो?" मी जरा खोडसाळपणेच विचारलं.

"तो राहू दे. हात सोरला तो कापा. अंतिम सामन्यात सोयऱ्याला सोरला असा कललं, तं त्याचं गाव त्याला मांडवातच फारून खाईल."

"पन मंग तुमी निस्ते हरलेले दिसाल," वहिनी म्हणाल्या.

"हरलोच व्हतो ना!"

मी तो तुकडा कापला. दोन्ही टोकं जोडली. मेव्हण्याचे हात घोट्यावरून सुटलेच नाहीत, असा सामना तयार झाला.

हळदीच्या दिवशी संध्याकाळी हिरव्या साडीतल्या वहिनी, पांढऱ्या शर्टातले दादूस आणि त्यांच्या मागे मी, असे आम्ही मांडवात शिरलो. डीजे बंद पडला. पाचसहा दणकट मंडळींनी खुर्च्या सहज म्हणून उचलून हातात घेतल्या. त्यांच्यातल्या दोघांची नाकं वाकडी होती आणि ती कुणी वाकडी केली ते मला विचारावं लागलं नाही. वहिनी मात्र सरळ चालत गेल्या आणि भावासमोर उभ्या राहिल्या. तो नवरदेवाचा बाप, तोंडभर हळद, एक खांदा दुसऱ्यापेक्षा जरा खाली. बहिणीला बघून तो उठला नाही. त्याची नजर दादूसच्या हातातल्या पेनड्राइव्हवर होती, आणि मांडवात बसलेल्या कुणाचा चेहरा इतका पडलेला मी आजवर पाहिलेला नाही.

दादूसनी माईक घेतला. "मी बाद व्हतो. पंचाला मारला ती माजी चूक. यो बघा."

मोठ्या पडद्यावर सामना लागला. चढाई, पकड, घोट्यावर घट्ट हात, चार बोटं माती, पंचांचा हात वर. मांडव फुटायचाच बाकी राहिला. हातातल्या खुर्च्या हवेत गेल्या, त्या आनंदाने गेल्या, तरी दोघांना लागल्याच. म्हातारे खेळाडू मांड्या ठोकू लागले. वाकड्या नाकाच्या एकाने दादूसना उचललं आणि प्रेमाने खाली आपटलं. "काय पकर! काय पकर!" म्हणत पोरांनी मेव्हण्याला खांद्यावर घ्यायला धाव घेतली.

मेव्हणा मात्र पडद्याकडे बघत उभा होता. सामना पुन्हा लावला गेला, तो पुन्हा बघत राहिला. मग पोरांना दोन्ही हातांनी बाजूला ढकलत तो थेट पडद्याखाली गेला, वर बोट केलं, आणि त्याच्या अख्ख्या गावासमोर ओरडला, "आरं, मी ताईसाठी दाजीचा पाय सोरला, तो तुकरा कुठं गेला?"